सद्हेतूची झडती

१८९७ चा साथरोग कायदा मूळ रूपात अवघ्या चार कलमांचा होता. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला आणि पुढच्या फेब्रुवारीत सरकारने हा कायदा केला. प्रवाशाला वाटेत अडवावं, तपासावं, वेगळं ठेवावं, असे अधिकार त्यात आहेत. चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्राने हाच कायदा पुन्हा लागू केला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आडबाजूच्या गावात ग्राम कृती दल स्थापन झालं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीची वही शाळेतली बाई म्हणून माझ्या हाती आली.

चौथ्या कलमाने मलाही संरक्षण दिलं. मला कोणी कोर्टात खेचलं नाही, खेचणारही नाही. पण कायदा सद्हेतू गृहीत धरून जिथे थांबतो, तिथून मनाची चौकशी सुरू होते. आम्ही गावाच्या तोंडाशी माणसं थांबवली. ती थांबवताना आमचा हेतू खरोखर सत् होता का, आणि असलाच तर तो थांबवलेल्या माणसापर्यंत पोचला का? साथ सरली, मास्क गेले, वही पंचायतीच्या कपाटात गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. तो टाळून चालणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या भागात एकाच गावाची दोन अंगं असतात. एक इथे वाडीवाडीत राहतं, दुसरं मुंबईत. ते पूर्वी लालबाग-परळच्या चाळीत एकवटलेलं होतं; गिरण्या बंद पडल्यावर दिवा, नालासोपारा, विरारपर्यंत पांगलं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सगळ्यात जास्त. हे आकडे वाचून बाहेरचे लोक कौतुक करतात. आम्हाला ठाऊक असतं की पुरुष पोटासाठी मुंबईला गेलेले आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गावात राहिली ती म्हातारी माणसं, सुना आणि शाळकरी पोरं. देवळाचा जीर्णोद्धार, विहिरीचा कठडा, शाळेची नवी खोली, यातलं बहुतेक काही मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून उभं राहिलं. देवापुढे गाऱ्हाणं घालतानाही पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेल्या लेकरांना सांभाळ, असं आवर्जून मागितलं जातं, आणि जमलेलं गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला आपला आवाज जोडतं. तो आवाज माझाही आहे. या गावात सून म्हणून आले तेव्हापासून मी तो दिलेला आहे.

२०२० साली होळी ९ मार्चला होती. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले तेही त्याच दिवशी. आमचे चाकरमानी शिमग्याला आले, पालखी नाचवली, आंबे धरले की परत येतो म्हणून गेले. दोन आठवड्यांत जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या, २५ मार्चपासून देश बंद झाला. कशेडी घाटात पोलिसांचा तपासणी नाका बसला, सिंधुदुर्गाच्या तोंडाशी खारेपाटणला बसला. नाक्याच्या अलीकडे गावागावांनी आपापले नाके केले. कुठे दगड रचले, कुठे ओंडके टाकले, कुठे करवंदीच्या काट्या.

तिकडे मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा, सात-सात माणसं, संडास सार्वजनिक, पगार बंद. अंतर ठेवा असं टीव्हीवर सांगत होते. त्या खोलीत अंतर ठेवायचं म्हणजे कोणीतरी जिन्यात जाऊन झोपायचं. गावाला रिकामं घर आहे, अंगण आहे, विहीर आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला तिथे बसून राहा म्हणणं सोपं नव्हतं. काही जण महामार्गाने चालत निघाले, काही कोकण रेल्वेच्या रुळांवरून. रुळांवरून चालणं म्हणजे काय असतं ते ८ मे रोजी करमाडजवळ साऱ्या देशाने पाहिलं. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर थकून रुळांवर निजले आणि मालगाडीखाली गेले. मे महिन्यात ई-पास देऊन लोकांना गावी सोडायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या वहीची पानं भराभर भरू लागली.

नियम चुकीचा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजनची सोय नव्हती. सुरुवातीला घशातल्या स्रावाचे नमुने तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. अहवाल येईपर्यंत माणूस अधांतरी. माझ्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडलेली, त्यात दमा. अशा घरांचं गाव आमचं. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच-सहा दिवस, क्वचित चौदापर्यंत जातात, म्हणून चौदा दिवस वेगळं राहा, यात तर्क होता आणि गरजही होती. मुंबईहून आलेल्यांनी मन मारून ते पाळलं म्हणून आमच्या कितीतरी म्हाताऱ्या त्या पावसाळ्यात वाचल्या असतील. या बाबतीत माझं मन शांत आहे.

हेतूकडे वळले की ते शांत राहत नाही. आम्हाला जी वही दिली होती तिचे रकाने छापील होते: नाव, कुठून आले, कधी आले, वाहनाचा नंबर, ताप आहे का. जिल्हा पातळीवर एवढी माहिती पुरेशी असेल. पण बाळंतीण आहे का, साखरेच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, बरोबर तान्हं आहे त्याला दूध कुठलं, यासाठी रकाना नव्हता. आशाताई दिवसाकाठी दारोदार फिरून ताप बघत; हे सारं त्यांना तोंडपाठ असायचं. त्यांच्याकडून ऐकून मी समासात पेन्सिलीने लिहू लागले. काही दिवसांनी लक्षात आलं की छापील रकाने आम्हाला या माणसांपासून वाचवायला होते, आणि या माणसांना वाचवायचा जो काही भाग होता तो सगळा समासात गेला होता.

काळजी आणि भीती बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्ही दार लावतात. काळजी दार लावल्यावर आतून विचारत राहते, बरं आहे ना, काही हवं का. भीती दार लावून गप्प बसते. मी स्वतःला तपासते तेव्हा दोन्ही सापडतात, आणि कुठल्या दिवशी कुठली जास्त होती हे सांगता येत नाही. भिणं हे पाप नव्हे. त्या उन्हाळ्यात न भिणारा माणूस मला भेटला नाही. धोका वेगळाच असतो. भीतीला नियमाचं पाठबळ मिळालं की ती स्वतःला कर्तव्य म्हणवते, आणि मग तिला कोणी जाब विचारत नाही. ग्राम कृती दलाच्या बैठकांत जे आवाज सगळ्यात चढे असत त्यांच्या मागे हेच होतं. माझा आवाज चढा नव्हता. पण अंगातली भीती तीच होती.

आमच्या शाळेत विलगीकरणाची सोय केली. बाकं भिंतीला लावली, फळ्यावर मार्चची तारीख आणि पटसंख्या तशीच होती. मुलांसाठी बांधलेली बुटकी मुतारी आणि एक संडास, न्हाणी नाहीच. शाळेत न्हाणी लागते कोणाला? मुंबईहून बाया आल्या तेव्हा शाळेच्या मागे माडाच्या झापांचा आडोसा करून दिला. वरून उघडा. पाऊस सुरू झाला तशी त्यात फुरसं निघेल या भीतीने त्या दोघी-दोघी मिळून जायच्या. विटाळशी बाईने काय करायचं हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. आणि ज्या खोलीत त्या निजत होत्या तिच्या दाराशी पाटी आहे: मुंबईकर ग्रामस्थ मंडळाच्या देणगीतून.

त्या खोलीत गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, बरोबर त्यांची बायको. तरुणपणी सुट्टीत येऊन शाळेच्या जोत्यासाठी त्यांनी डोक्यावरून चिरे वाहिलेले. मी फाटकाबाहेरून नोंद घेत होते. ते म्हणाले, “बाई, ह्या पत्र्याचं पैसं आमच्याच मंडळानं धाडलेलं. आता ह्याच्याखाली निजायचं तर निजू, त्याचं काय नाय. पाण्याचा हंडाबी येतो रोज. पण कोण ठेवतो ते कळत नाय. लांबून का व्हईना, हाक मारून ठेवा म्हणावं.”

हंडा पोचत होता. नियमात जेवढं लिहिलं होतं तेवढं सगळं पोचत होतं. हाकेबद्दल नियमात काही नव्हतं, आणि हाकेने रोग पसरत नाही. फाटकापासून पंधरा पावलांवरून “आजा, पाणी ठेवलंय हो” एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. त्या संध्याकाळपासून आम्ही हाक मारायची ठरवली, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर शाळेतलं वातावरणच पालटलं. तक्रारी थांबल्या, लपूनछपून घरी जाऊन येणं थांबलं. नियम तोच, दिवस तेवढेच. आपल्याला टाकून दिलेलं नाही एवढी खात्री पटली की माणूस खूप काही सोसतो. हे मला शाळेत इतकी वर्षं मुलांना शिकवताना ठाऊक होतं. मोठ्या माणसांनाही ते लागू असतं, हे आजोबांनी सांगितलं.

दुसरा प्रश्न समानतेचा. मुंबईहून माझे थोरले दीर आणि जाऊबाई आल्या. आमचं घर मोठं, मागची खोली वेगळी, तिला स्वतंत्र दार. तरीही दोघं शाळेतच राहिली, कारण वही माझ्याकडे होती. गावाने मला शाबासकी दिली: बाईंनी आपल्या माणसांनाही सूट दिली नाही. हे वाक्य ऐकताना मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणंच आज मला तपासावंसं वाटतं. जाऊबाईंची पाठ धरलेली, खाली चटईवर निजणं त्यांना जड. मागच्या खोलीत त्या राहिल्या असत्या तर रोगाच्या दृष्टीने धोका शाळेपेक्षा कमीच होता. शाळेत तर दहा माणसांत एक संडास. पण मग लोकांनी बोट दाखवलं असतं. तो निर्णय रोग रोखण्यासाठी किती आणि माझा शब्द गावात चालावा म्हणून किती, हे मी स्वतःलाही नेमकं सांगू शकत नाही. नियम सगळ्यांना सारखा ठेवला तरच गाव तो मानतं, हेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जाऊबाई मला कधी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याला मी माझ्या बाजूचा पुरावा धरणार नाही.

सारखेपणाचा आग्रह आम्ही खालच्या पायरीवर धरत होतो, हेही मनात येतं. एप्रिल २०२० मध्ये, सारा महाराष्ट्र घरात कोंडलेला असताना, गृह विभागातल्या एका बड्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन २३ माणसं गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचली. ती बातमी आम्ही त्याच आठवड्यात वाचली जेव्हा आमच्या रस्त्यावर ओंडके पडत होते. आमच्या नाक्यावरही, मोटारीतून आलेल्याशी बोलताना आमचा स्वर आपोआप खाली यायचा, आणि ट्रकमध्ये भाजीच्या करंड्यांमागे बसून आलेल्याशी बोलताना चढायचा. रोग दोघांकडे सारखाच असू शकत होता. कागद दोघांकडे सारखा नव्हता. ऑनलाइन अर्ज भरणं, डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडणं, गाडी ठरवणं, हे ज्याला जमलं तो कायदेशीर प्रवासी झाला. ज्याला जमलं नाही तो लपत आला म्हणून गुन्हेगार ठरला. दोघंही आपल्याच घरी येत होते.

ऑगस्टमध्ये गणपती आले. चतुर्थी २२ तारखेला. कोकणात गणपती घरचा असतो, मूळ घरात बसतो, आणि तो बसवायला भाऊबंद जमावेच लागतात. सरकारने विलगीकरण चौदावरून दहा दिवसांवर आणलं, १२ ऑगस्टपर्यंत पोचा म्हणून सांगितलं, एसटीने येणाऱ्याला ई-पास लागणार नाही असं ठरवलं. त्यानंतर निघणाऱ्याने आधी चाचणी करून घ्यायची. काही गावांनी आपली तारीख त्याहून अलीकडे ठेवली. आमच्याकडे यावर रात्री उशिरापर्यंत बैठक चालली. मला तेव्हाच जाणवलं की लोकांना काय लागतं हे बघून नियम केला तर तो पाळायला पोलीस लागत नाहीत. बहुतेक सगळी माणसं वेळेत आली, दहा दिवस वाडीबाहेर पडली नाहीत, आरती घरातल्या घरात केली. भजनाचे आवाज त्या वर्षी अंगणाबाहेर गेले नाहीत. जे आले नाहीत त्यांनीही कारण समजून घेतलं, कारण त्यांना विचारून ठरवलं होतं. मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांना फोनवर बैठकीत घेतलेली ती पहिली वेळ. मेमध्ये त्यांच्याबद्दलचे सगळे ठराव त्यांच्यावाचून झाले होते.

मग चक्र फिरलं. तळकोकणातली माणसं वर्षानुवर्षं मोठ्या आजारासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे धाव घेतात. टाळेबंदीत राज्याची हद्द बंद झाली आणि पत्रादेवीच्या नाक्यावर तीच माणसं परकी ठरली. पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या डेल्टा प्लस प्रकाराचे रुग्ण आमच्या जिल्ह्यात सापडले. संगमेश्वर तालुक्याचं नाव देशभरच्या बातम्यांत गेलं, तिथल्या काही गावांभोवती निर्बंध आले. पुण्या-मुंबईत रत्नागिरीहून आलो म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकू लागले. माझ्या मुलीला तिच्या घरमालकाने दोन आठवडे खोलीवर येऊ नको म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं, बोलणंही सभ्य होतं. पण तिने कुठे राहायचं, हे त्याने विचारलं नाही. फोनवर मुलीचा आवाज ऐकताना मला आजोबांच्या हाकेचा अर्थ पुरता कळला. आम्ही जिथे उभं राहून लोकांना बघत होतो, ती जागा कायमची आमची नव्हती.

आता माझ्यापुरता निवाडा. थांबवणं योग्य होतं. ते मी पुन्हा करीन. भीती होती; ती मान्य केल्यावर तिची धार कमी होते, म्हणून मान्य करते. आणि देणं बाकी आहे. ज्याला आपण सगळ्यांच्या भल्यासाठी अडवतो, तो आपल्यासाठी काहीतरी सोडत असतो: घर, मजुरी, आईचं शेवटचं दर्शन. अंत्यविधीला वीसच्या वर माणसं नकोत आणि हद्दी बंद, या नियमांपायी कितीतरी मुलग्यांनी बापाची चिता मोबाइलवर पाहिली. त्यांनी जे सोडलं त्यावर आमची घरं शाबूत राहिली. म्हणजे उपकार आम्ही त्यांच्यावर केले नाहीत, त्यांनी आमच्यावर केले. गावाच्या बोलण्यात मात्र अजून उलटंच येतं: आम्ही त्यांना घेतलं, आम्ही त्यांना सांभाळलं. हा हिशोब सुधारल्याशिवाय सद्हेतूचा दावा मला करता येत नाही.

तो कसा सुधारायचा याबद्दल मी ग्रामसभेत बोलते आहे आणि बोलत राहणार आहे. माझी मागणी साधी आहे. साथीत माणसं ठेवायची तर कुठे ठेवायची ती जागा आजच ठरवावी, आणि तिथे बायकांसाठी छप्पर असलेली न्हाणी, पुरेसे संडास, दिवा आणि पिण्याचं पाणी आधी करावं. अडवण्याचा कुठलाही ठराव मुंबईकर मंडळाला बैठकीत घेतल्याशिवाय होऊ नये. नोंदवहीत पहिला रकाना गरजेचा असावा. मोटारीने येणाऱ्याला आणि चालत येणाऱ्याला नाक्यावर एकच प्रश्न, एकाच आवाजात विचारावा. आणि आत ठेवलेल्या प्रत्येक माणसाशी दिवसातून दोनदा बोलण्याची जबाबदारी कोणाची, त्याचं नाव ठरावात असावं. काही जण म्हणतात, आता साथ कुठे आहे? साथ नाही म्हणूनच हे आज ठरवता येतं. भीती अंगात भिनल्यावर न्हाणीचा विचार कोणी करत नाही, हे आम्ही पाहिलं आहे.

पुढची साथ येईल तेव्हा अडवण्याचा अधिकार कायदा पुन्हा देईल, आणि चौथ्या कलमासारखं संरक्षणही देईल. त्या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी कायद्यात लिहिलेली नाही. ती गावाने स्वतः लिहून, सही करून, पंचायतीच्या भिंतीवर लावायला हवी. ते होईपर्यंत माझ्या हेतूबद्दलची ही चौकशी मी मिटवणार नाही.